फासे, शंभर पानी वही आणि बिटवॉर्डन: दोन वर्षांच्या वापरानंतर

माझ्या टेबलाच्या खणात अकरा वर्षं एक लांबट हिशेबाची वही होती. नाव, मोबाइल नंबर, कोणता फॉर्म, युजर आयडी आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड. तासगावात मी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. शिष्यवृत्ती, सीईटी, पीक विमा, पॅन कार्ड, सातबारा, रेशनकार्डावरची नावं, सगळं. लोक दर वर्षी त्याच कामाला येतात आणि पासवर्ड विसरून येतात, म्हणून मी तो लिहून ठेवायची. त्यांनाही ते सोयीचं होतं. "ताई, तुमच्या वहीत हाय न्हवं, मग झालं."

२०२३ च्या जूनमध्ये त्या वहीचं पान न् पान फाडून बादलीत भिजवलं आणि लगदा करून टाकला. तिच्या जागी आज तीन वस्तू आहेत. बिटवॉर्डन नावाचं पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप, सापशिडीच्या डब्यातले फासे आणि आम्ही घरी मराठी शब्दांनी भरलेली शंभर पानी वही. हा अभिप्राय तिन्हींचा मिळून आहे, कारण नुसतं अ‍ॅप घेऊन ते उघडायचा मुख्य पासवर्ड पोराच्या नावाचा ठेवला, तर काही मिळवलं असं होत नाही.

वही फाडायची वेळ का आली ते आधी सांगते. प्रवेशाची गर्दी होती. सकाळी केंद्र उघडलं तर माझा ईमेल उघडेना. पासवर्ड कुणीतरी बदलला होता, सोबतचा मोबाइल नंबरही काढून टाकला होता. पासवर्ड काय होता? मुलीचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह, तिचं जन्मसाल. हाच पासवर्ड मी पडदे घ्यायला एका खरेदीच्या साइटवर वापरला होता, आणि त्या साइटवरची माहिती कधीच बाहेर फुटली होती. चोराला माझ्या ईमेलचं कुलूप तोडावंच लागलं नाही, त्याच्या हातात किल्ली आयती पडली होती. मेल परत मिळायला तीन दिवस गेले. पण मला लागलं ते वेगळंच. त्या मेलमध्ये लोकांनी प्रिंट काढायला पाठवलेले आधार कार्डांचे, गुणपत्रिकांचे, बँक पासबुकांचे फोटो होते. सापडतील तेवढ्यांना मी एकेकाला फोन करून सांगितलं. कुणी रागावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या आठवड्यात 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर माझा ईमेल टाकून पाहिला. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या जाणकारानं २०१३ साली ती सुरू केली. कुठकुठल्या फुटलेल्या माहितीत आपला पत्ता आहे ते ती फुकट सांगते. माझा पत्ता चार ठिकाणी निघाला. तिथंच एखादा पासवर्ड कधी फुटलाय का, तेही तपासता येतं. त्यासाठी पूर्ण पासवर्ड त्यांच्याकडे जात नाही. आपल्याच ब्राउझरमध्ये त्याचं एक गणिती रूप तयार होतं आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरं जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी फुटलेली रूपं परत येतात आणि जुळणी आपल्याच मशीनवर होते.

मग मी वही उघडून बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. पानंच्या पानं एकच घडण. नावाचं पहिलं अक्षर मोठं, मग अ‍ॅट, मग एक दोन तीन. नाहीतर नाव, अ‍ॅट, जन्मसाल. नाहीतर गावाचं नाव, देवाचं नाव, जय लावून महाराजांचं नाव, गणपतीच्या जयजयकारातला पहिला शब्द. यातल्या कितीतरी पासवर्डांना फॉर्मवर हिरवी पट्टी दिसली होती, 'मजबूत' म्हणून. एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह, म्हणजे नियम पाळला. आता हिशेब करून बघा. आपल्याकडची नेहमीची पाचशे नावं, साठ जन्मसालं, चार चिन्हं. गुणाकार होतो एक लाख वीस हजार. सेकंदाला एक लाख अंदाज करणारं यंत्र गृहीत धरा. ही अख्खी यादी त्याला दीड सेकंदही पुरत नाही.

हा मोठं अक्षर, अंक, चिन्ह वाला नियम आला कुठून, तर अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या एका टिपणातून. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायचं बंधनही त्यातलंच. जगभरच्या कचेऱ्यांनी ते उचललं. तोवर निवृत्त झालेल्या बर यांनी २०१७ साली स्वतःच, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं एका वर्तमानपत्राला सांगितलं. त्याच वर्षी निस्टनं नवं मार्गदर्शन काढलं. अक्षरांच्या मिश्रणाची सक्ती नको, कारण नसताना बदलायला लावू नका, लांबी वाढू द्या आणि आधी फुटलेले पासवर्ड नाकारा. बर यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. चूक कळल्यावर ती उघड बोलून दाखवायला मोठं मन लागतं. आपल्याकडच्या फॉर्मांवर मात्र तो जुना नियम आजही ठाण मांडून आहे, त्यामुळं लोक अजून तसंच करतात: पहिलं अक्षर मोठं, शेवटी अ‍ॅट, एक दोन तीन.

माणसाला 'काहीतरी अवघड पासवर्ड सुचव' म्हटलं की त्याला जे सुचतं, तेच शेजाऱ्यालाही सुचतं. लक्षात राहील असं म्हटलं की घरातली माणसं, देव आणि तारखा येतात. हे मी वहीत डोळ्यांनी बघितलंय. म्हणून माझं ठाम मत झालंय की पासवर्ड मनानं ठरवायचाच नाही. तो फाशांनी ठरवायचा. मनाकडं फक्त तो लक्षात ठेवायचं काम द्यायचं, आणि तेही एकाच पासवर्डाचं.

बाकीचे सगळे बिटवॉर्डनकडे. हे अ‍ॅप काइल स्पीअरिन यांनी २०१६ साली आणलं. त्याचा प्रोग्राम उघड आहे, ज्याला कळतं तो वाचून तपासू शकतो. फुकटच्या आवृत्तीत हवे तेवढे पासवर्ड, हव्या तेवढ्या मशीनवर ठेवता येतात. माझ्याकडं दुकानातला डेस्कटॉप आणि एक साधा अँड्रॉइड फोन आहे, दोन्हीकडं ते विनातक्रार चालतं. फोनवर बोट टेकवलं की उघडतं. दुकानातल्या संगणकावर मी एक मिनिटाची मुदत ठेवलीय. गिऱ्हाइकाला झेरॉक्स द्यायला उठले की तिजोरी आपली आपण बंद होते.

आतली व्यवस्था मला जात्यासारखी वाटते. आपला मुख्य पासवर्ड जसाच्या तसा कंपनीकडं कधी जात नाही. तो आपल्याच मशीनवर सहा लाख वेळा दळला जातो आणि त्या पिठातून किल्ली तयार होते. आपल्याला हे दळण एखाद्या क्षणात होऊन जातं. पण चोराला प्रत्येक अंदाजामागं तेवढंच दळण दळावं लागतं, आणि तिथंच तो दमतो. कंपनीच्या सर्व्हरवर असतं ते फक्त कुलूपबंद गाठोडं. म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही. 'पासवर्ड विसरलात?' ला इथं ओटीपीचं उत्तर नाही. पासवर्डची खूण लिहून ठेवायची एक सोय आहे, ती मेलवर येते, बस.

असं गाठोडं चोरीला गेलं तर? २०२२ साली याच धंद्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्याच. तेव्हा ज्याचा मुख्य पासवर्ड दांडगा, त्याचं गाठोडं बंद राहतं. ज्याचा लेचापेचा, त्याचं आज ना उद्या उघडतं. त्यामुळं सगळी मदार त्या एका पासवर्डावर. त्यासाठीच आम्ही वही केली.

फाशांची युक्ती माझी नाही. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली ती मांडली. पाच फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा, असे पाच-सहा शब्द जोडायचे. पाच फाशांच्या ७,७७६ तऱ्हा होतात, म्हणून यादीत तेवढे शब्द. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१६ साली सोप्या शब्दांची नवी यादी काढली आणि बिटवॉर्डनमध्ये शब्द जोडून पासवर्ड करून देणारं जे बटण आहे, ते तीच यादी वापरतं. सगळे शब्द इंग्रजी. मी ते बटण दाबून बघितलं. सहा शब्द आले, त्यातल्या दोनांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. ज्या शब्दाचं चित्र डोळ्यासमोर येत नाही तो लक्षात राहायचा कसा?

म्हणून मराठी यादी करायची ठरवली. पहिला विचार होता थेट देवनागरीत पासवर्ड ठेवायचा. तो सोडला, आणि तुम्हीही सोडा असं कळकळीनं सांगते. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. फोनचा कीबोर्ड एक प्रकार काढतो, दुकानातला दुसरा काढू शकतो. आपण बरोबर लिहितोय आणि तिजोरी मात्र 'चूक' म्हणतेय, अशी वेळ यायला नको.

मग शब्द मराठी, लिपी रोमन. इथं खरं काम सुरू झालं. भोपळा लिहायचा तर पी नंतर ए घालायचा की नाही? मी घालत नाही, माझी मुलगी घालते. छत्रीला एक एच की दोन? झाडूला झेड की जे-एच? क्षला के-एस, के-एस-एच की नुसता एक्स? सहा महिन्यांनी हात आपसूक दुसरं स्पेलिंग लिहून बसेल. तेव्हा आम्ही नियम केले. ज्या शब्दात अशी शंका येते तो शब्द यादीबाहेर. भोपळा, छत्री, झाडू, क्षीर, संत्रं, चिंच सगळी गेली. स्वराला नेहमी एकच अक्षर: काना असो नसो ए, ऱ्हस्व-दीर्घ कसंही असो आय किंवा यू. व ला कायम व्ही. ळ आणि ल दोन्हींना एल, ण आणि न दोन्हींना एन. यामुळं माळ आणि माल सारखेच होतात, म्हणून दोघांतला एकच यादीत.

आणखी एक अट: शब्दाचं चित्र दिसलं पाहिजे. प्रगती, विकास, सन्मान असले शब्द एकही नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या या कामाला बसल्या आणि वही भरायला लागली. स्वयंपाकघर, गोठा, द्राक्षबाग, बलुतेदार, पाखरं, किडे, दागिने. औतातल्या लाकडांची अशी नावं त्यांनी सांगितली की मी ती लग्नानंतर वीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. त्यातली बरीच स्पेलिंगच्या चाळणीत गळाली, तरी मी ती वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलीत. अडीच महिने रोज रात्री जेवणं झाली की हेच चालायचं.

वहीची ३६ पानं, प्रत्येक पानावर ३६ शब्द, सहा ओळी सहा रकाने. एकूण १,२९६ शब्द. पानांना नंबर ११ ते १६, मग २१ ते २६, असे ६६ पर्यंत. फासा चारदा टाकायचा. पहिल्या दोन दानांनी पान, तिसऱ्यानं ओळ, चौथ्यानं रकाना. एक शब्द मिळाला. असं सहा वेळा. फासा बाजारातला कुठलाही चालतो. थोडा ओबडधोबड असला तरी माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो.

सहा शब्दांच्या किती जोडण्या होतात? ४७ परार्धांहून जास्त. एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध, तो आकडा शाळेत पाठ केला होता पण कधी वापरायला मिळाला नव्हता. मघाचंच सेकंदाला लाख अंदाज करणारं यंत्र घेतलं तर सगळ्या जोडण्या करून बघायला त्याला पंधरा लाख वर्षं लागतील. आणि हे कधी? चोराच्या हातात आमची अख्खी वही असताना! वही गुपित नाहीच. गुपित फक्त दान काय पडलं ते.

एक नमुना देते. वकील, बेडूक, टोपी, गाजर, मिरी, सुतार. रोमनमध्ये, मध्ये आडव्या रेघा. (हा आता छापला गेला, तेव्हा कुणीही वापरू नका.) हे सहा शब्द नुसते घोकले तर दोन दिवसांत विसरतील. आत्यांनी ऐकले आणि लगेच म्हणाल्या:

वकिलाच्या दारी बेडूक टोपीत,
गाजर पेटीत, मिरी खलबत्त्यात,
सुताराच्या हातात.

दळताना शेकडो ओव्या तोंडी ठेवलेल्या बाईला सहा शब्द म्हणजे काहीच नाही. क्रम ओवीतच बांधला गेला. मला त्या क्षणी भरून आलं. ही स्मरणाची विद्या आपल्या घरात पडून होती आणि मी अकरा वर्षं वहीचा शेवटचा रकाना भरत होते. ज्याला ओवी येत नाही त्यानं उखाणा बांधावा, नाहीतर गोष्ट: वकिलानं बेडकाला टोपी घातली, त्यात गाजर खोचलं, वरून मिरी भुरभुरली, सुताराला जेवायला बोलावलं. शब्द आधी फाशांनी, ओवी नंतर. उलटं करू नका. पाठ असलेला अभंग, आरतीची ओळ, गाण्याचा मुखडा घेऊन पासवर्ड केला तर तो चोराच्या यादीतही असतो, कितीही लांब असला तरी.

आणि आलेला शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकू नका. आत्यांना मुंगूस आला तेव्हा त्यांनी दुसरा मागितला. मी नाही म्हटलं. आवडीनिवडीनं निवडायला लागलो की आपलं मन परत मधे आलं.

पहिला आठवडा नवा मुख्य पासवर्ड कागदावर पाकिटात ठेवला, रोज सकाळी केंद्र उघडल्यावर बोटाच्या ठशाऐवजी तो पूर्ण टाइप केला. आठव्या दिवशी कागदाची गरज उरली नाही. बोट टेकवायची सवय लागली की मुख्य पासवर्ड हातातून जातो, म्हणून अजूनही दर सोमवारी एकदा टाइप करते.

आता अ‍ॅपबद्दल उरलेलं. सगळ्यात मोलाचं काम ते करतं, त्याचा फारसा बोलबाला होत नाही. पासवर्ड कोणत्या साइटचा आहे ते त्याला माहीत असतं आणि पत्ता जुळला तरच ते तो भरायला पुढं करतं. गेल्या वर्षी एका मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी आलेल्या मेसेजवरची लिंक मी माझ्याच मशीनवर उघडली. पान अगदी खऱ्यासारखं, बोधचिन्हासकट. ब्राउझरमधल्या बिटवॉर्डनच्या खुणेवर जुळणाऱ्या खात्यांचा आकडा उमटतो, इथं मात्र एकही आकडा उमटला नाही. मी थांबले, वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचला, एक अक्षर जास्तीचं होतं. माझा डोळा फसला होता.

जुने पासवर्ड ब्राउझरमधून बाहेर काढून यात आणणं दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यात एक साधी फाइल तयार होते, तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात आणि ती डाउनलोडच्या फोल्डरात पडून राहते. आणून झालं की ती पुसा, रिसायकल बिनमधूनही. ब्राउझरमधले साठवलेलेही पुसा. माझ्या दुकानातल्या ब्राउझरमध्ये तर गिऱ्हाइकांचे पासवर्ड सेव्ह झालेले निघाले, शेकड्यांनी. कधीतरी घाईत 'होय' दाबलेलं.

प्रत्येक पासवर्डाशेजारी तो फुटलाय का ते तपासायचं बटण आहे, ते ट्रॉय हंट यांच्याच यादीला विचारतं. फुकटात मिळतं. दोन माणसांनी मिळून काही पासवर्ड वाटून घ्यायची सोयही फुकटात आहे. वीजबिल, गॅस आणि घरपट्टीचं लॉगिन माझं आणि ह्यांचं मिळून तिथं आहे.

उणिवा आहेत, आणि त्यातली एक तुम्हाला दाराबाहेर उभं करू शकते. नव्या मशीनवर लॉगिन करताना, दुहेरी तपासणी (पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारी) लावलेली नसेल, तर बिटवॉर्डन आता ईमेलवर कोड पाठवतं. सोय चांगली आहे. पण समजा फोन हरवला, नवा घेतला, बिटवॉर्डन उघडायला गेलात. कोड ईमेलवर. ईमेलचा पासवर्ड कुठं? बिटवॉर्डनमध्ये. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. म्हणून ईमेलचा पासवर्डही फाशांनी करा आणि तो कागदावर लिहून घरात जिथं जमिनीची कागदपत्रं असतात तिथं ठेवा. दुहेरी तपासणी लावली असेल तर तिचा सुटकेचा कोडही (फोन हातात नसताना आत जाऊ देणारा) त्याच कागदावर. घरातली पत्र्याची पेटी इंटरनेटवरून कुणी फोडू शकत नाही. कागदावर लिहू नये असं लोकांना उगाच शिकवलं गेलंय. दुकानाच्या खणात लिहू नये, एवढंच खरं.

फोनवर काही अ‍ॅपमध्ये ते आपोआप भरत नाही, कॉपी करून चिकटवावं लागतं. कॉपी केलेलं काही सेकंदांनी पुसलं जाईल अशी सेटिंग आहे, ती लावून टाका. काही साइट पासवर्ड चिकटवूच देत नाहीत, अक्षर अक्षर टाइप करायला लावतात. हा दोष बिटवॉर्डनचा नाही, पण त्रास आपल्यालाच होतो. अशा ठिकाणी वीस अक्षरांचा गिचमिड पासवर्ड नको, शब्दांचा ठेवा, टाइप करायला सोपा जातो. काही साइट पंधरा-सोळा अक्षरांच्या पुढं घेत नाहीत. तिथं तीन शब्द, पहिलं अक्षर मोठं, शेवटी एक आकडा. तीन शब्दांच्या २१७ कोटी जोडण्या होतात. चार-पाच चुकांनंतर खातं बंद करणाऱ्या साइटला एवढं पुरतं. मुख्य पासवर्डाला मात्र हे अजिबात चालणार नाही.

आणि ओटीपी. बिटवॉर्डन कितीही चांगलं असलं तरी फोनवर गोड बोलून कुणी ओटीपी काढून घेतला तर ते काही करू शकत नाही. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मी त्यात ठेवतही नाही, ते चार-सहा आकडे डोक्यातच बरे.

दुसऱ्या वर्षी मी पैसे भरून पुढची आवृत्ती घेतली ती एकाच कारणासाठी. आपण ठरवलेल्या माणसाला आपल्या माघारी तिजोरी उघडता येते. त्यानं विनंती करायची, आपण ठरवलेले दिवस जायचे, तेवढ्यात आपण नकार दिला नाही तर दार उघडतं. मी मुलीचं नाव दिलंय आणि सात दिवस ठेवलेत. आमच्या गल्लीत एका घरी कर्ता माणूस अचानक गेला. विमा, ठेवी, द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडची येणी, सगळं त्याच्या फोनमध्ये आणि फोन बंद. त्या वहिनी माझ्या केंद्रात येऊन बसायच्या आणि मी काही करू शकत नव्हते. ते बघितल्यावर या सोयीचे पैसे मला जास्त वाटले नाहीत.

कुणी घ्यावं? ज्याची पाचाहून जास्त खाती आहेत आणि स्वतःचा फोन आहे, त्यानं फुकटची आवृत्ती आजच घ्यावी. दुकानदार, शिक्षक, बचत गटाचं काम बघणाऱ्या बायका यांनी तर जरूर. ज्या आजोबांचं एकच पेन्शनचं खातं आहे त्यांना अ‍ॅप नको, फाशांचे तीन-चार शब्द आणि पेटीतला कागद पुरे. मी आता गिऱ्हाइकाचा पासवर्ड लिहून घेत नाही. एक छोटं कार्ड देते, ते स्वतः लिहितात, स्वतः टाइप करतात, मी तेवढा वेळ खुर्ची फिरवून बसते. सुरुवातीला लोकांना तुटकपणा वाटला. एक काका म्हणाले, "ताई, तुमच्यावर विश्वास हाय की." मी म्हटलं, "काका, माझ्यावर आहे, पण माझ्या खणावर नको."

वहीची झेरॉक्स कुणालाही मिळेल, छत्तीस पानं, फक्त झेरॉक्सचे पैसे. बाहेरगावचं कुणी असेल तर स्वतःची करा, तुमच्या मुलखातले शब्द घाला, कोकणातल्या घरात माशांची नावंच पानभर निघतील. स्पेलिंगच्या चाळणीतून मात्र काढा. आणि फासे घरी जाऊन टाका, माझ्यासमोर नको.